रात्री २:१४ चा ग्रुप कॉल

रात्री २:१४

मंगेश बी-३०२: [ग्रुप कॉल सुरू केला]

मंगेश बी-३०२: [स्टिकर : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा]

मंगेश बी-३०२: [स्टिकर : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा]

मंगेश बी-३०२: ककककलललझझ

काकू ए-२०३: काय झालं बाप्पा? कोणाचं काही बरंवाईट तर नाही ना?

बंटी बी-१०२: दोन वाजता कोणाचा बड्डे आहे बे

मंगेश बी-३०२: [ग्रुप कॉल सुरू केला]

सेक्रेटरी ए-१०१: मंगेशराव, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

मंगेश बी-३०२: [स्टिकर : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा]

सकाळी ६:४८

मंगेश बी-३०२: सगळ्यांची माफी मागतो. आता लॅपटॉपवरून लिहून राहिलो, फोन बंद करून ठेवला आहे. रात्रीचं ते मी केलं नाही, फोनने आपल्या मनानं केलं. स्क्रीन फुटली होती, काल दुपारी घरीच बदलली.

बंटी बी-१०२: घरीच म्हणजे? तुम्ही स्वतः?

मंगेश बी-३०२: हाव. व्हिडिओ पाहून. बर्डीच्या बाजारात मोदी नंबर तीनच्या गल्लीतून स्क्रीन आणली १६०० ची. लावायचे ५०० वेगळे म्हणत होता, म्हटलं आपल्याला काय हात नाहीत.

प्राची बी-३०२: ५०० वाचवले. माझा हेअर ड्रायर, माझं नेलपॉलिश रिमूव्हर आणि डायनिंग टेबल चार तास गेलं ते धरलं नाही.

काकू ए-२०३: तांदळाच्या डब्यात ठेवून पाहा रात्रभर.

मंगेश बी-३०२: काकू, पाण्यात नाही पडला.

सानिका सी-४०४: दादा, नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं?? त्यात ॲसिटोन असतं, प्लास्टिक आणि काचेवरचं कोटिंग दोन्ही खातं. जुना गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाहिजे, ९९ टक्केवालं. बरं ते जाऊ द्या. आता नेमकं काय होतं ते सांगा. रात्री फोन चार्जिंगला होता का?

मंगेश बी-३०२: होता. उशाशी. तुला कसं माहीत?

सानिका सी-४०४: मग पहिलं ते तपासा. काच बोटाचा स्पर्श ओळखते ती विजेच्या अगदी बारीक फरकावरून. हलका चार्जर असेल तर त्याची गडबड केबलमधून काचेपर्यंत येते आणि फोनला वाटतं कोणी बोट लावून राहिलं. चार्जर काढून फोन चालू करा, टेबलावर ठेवा, हात लावू नका.

मंगेश बी-३०२: चार्जर स्क्रीनसोबतच घेतला होता. १५० चा.

बंटी बी-१०२: घ्या

सकाळी ७:०५

मंगेश बी-३०२: चार्जरशिवाय पाच मिनिटं शांत होता. मग खालच्या डाव्या कोपऱ्यात परत सुरू. कीबोर्डचा ‘क’ आपोआप दबतो. फोन थोडा दाबला, वाकवला की जास्त होतं. पण कालच्यापेक्षा कमी आहे हे खरं.

सानिका सी-४०४: म्हणजे दोन कारणं आहेत. चार्जर एक, दुसरं आतमध्ये. दाबल्यावर फरक पडतो तर कनेक्टर ढिला असेल नाहीतर जुना गोंद राहून स्क्रीन एका कोपऱ्यात उचलली गेली असेल. खात्री करायची तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा. बोट न लावता रेषा उमटल्या तर कुठे उमटतात ते दिसेल. सॅमसंग असेल तर डायलरवर *#०*# दाबूनही टच तपासता येतो, शाओमी असेल तर *#*#६४८४#*#*

काकाजी सी-२०१: सुप्रभात सर्वांना. सर्व वाचले. मंगेश, एकच विचारतो. फोन बंद केल्यावर टेबलावर काही उरले होते का?

मंगेश बी-३०२: काय म्हणजे काकाजी?

काकाजी सी-२०१: सामान. स्क्रू वगैरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३१ वर्षे काढली. दुरुस्तीनंतर मशीन चालते की नाही हे आम्ही नंतर बघायचो. आधी ताटली बघायचो.

प्राची बी-३०२: दोन स्क्रू आणि एक पत्र्याची पट्टी उरली आहे काकाजी. वाटीत ठेवली आहे. मी विचारलं तर म्हणाले एक्स्ट्रा देतात कंपनीवाले.

बंटी बी-१०२: कंपनीवाले एक्स्ट्रा 😂😂

काकाजी सी-२०१: कंपनी एक स्क्रूसुद्धा जास्त देत नाही. पट्टी केवढी आहे? नखाएवढी, दोन टोकांना भोके?

मंगेश बी-३०२: हो. तशीच.

सानिका सी-४०४: काकाजी, सापडलं! दादा, ती पट्टी स्क्रीनच्या कनेक्टरवर बसते. कनेक्टर नुसता टचकन दाबून बसवलेला असतो, त्याला स्क्रू नसतो. पट्टीच त्याला दाबून धरते. ती नाही म्हणजे फोन वाकला, तापला, खिशात दबला की कनेक्टर एका बाजूने केसभर उचलतो. मग चित्र येतं पण टच वेडा होतो.

मंगेश बी-३०२: काल पहिल्यांदा लावली तेव्हा स्क्रीन पूर्ण काळी होती. फोन व्हायब्रेट होत होता. परत काढून दाबली तेव्हा आली. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

सानिका सी-४०४: तेव्हा बॅटरी जोडलेली होती?

मंगेश बी-३०२: …होती

सानिका सी-४०४: नशीब समजा. चालू बोर्डवर स्क्रीन जोडली की बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणारी लाइन शॉर्ट होऊ शकते. मग स्क्रीन काळी, आणि टॉर्च मारून पाहिलं तर आत पुसट चित्र दिसतं. ते काम मग घरी होत नाही, बोर्डवर सोल्डरिंग आलं. आज उघडाल तेव्हा आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग स्क्रीनचा. लावताना बॅटरी सगळ्यात शेवटी. आणि ते दोन स्क्रू एकाच मापाचे आहेत का बघा. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो खाली बोर्डात घुसतो.

काकू ए-२०३: पैसे तर नाही गेले ना रे कोणाला? आपोआप बटणं दबून राहिली म्हणतो.

सानिका सी-४०४: काकू, यूपीआयला पिन लागतो, तो भूत टाकू शकत नाही. फक्त यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिन लागत नाही, तेवढं बघून घ्या दादा.

मंगेश बी-३०२: पाहिलं. सगळं जागेवर आहे. एक अजून तक्रार आहे, आत्ताच विचारून घेतो. कॉल आला आणि उचलला की स्क्रीन काळी होते ती होतेच. कानाला लावो न लावो. कट करता येत नाही. काल रात्री नऊला एक कॉल होता, बोलणं झालं, कट करायला गेलो तर काहीच दिसेना. समोरच्याने केला असेल कट म्हणून तसाच टेबलावर ठेवून जेवायला बसलो.

सानिका सी-४०४: हे प्रॉक्सिमिटी सेन्सरचं आहे. नवीन स्क्रीनला मागून प्लास्टिकची पातळ फिल्म असते, ती काढली होती?

मंगेश बी-३०२: ती काढली. नक्की.

सानिका सी-४०४: मग रबर? सेन्सरवर काळं रबर असतं, ज्वारीच्या दाण्याएवढं, दोन भोकांचं. एका भोकातून इन्फ्रारेड उजेड बाहेर जातो, गालावर आपटून दुसऱ्या भोकात परत येतो. परत आला म्हणजे फोन कानाला आहे, स्क्रीन बंद. मधली रबराची भिंत नसली तर उजेड काचेलाच आतून आपटून दुसरीकडे जातो. फोनला कायम गाल दिसतो.

काकाजी सी-२०१: छान समजावलेस. नव्या स्क्रीनसोबत हे येत नाही. जुन्या स्क्रीनला चिकटून राहते. जुनी कुठे आहे?

मंगेश बी-३०२: फेकली.

काकाजी सी-२०१: कुठे?

मंगेश बी-३०२: कचऱ्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्राची, डबा कुठे?

प्राची बी-३०२: खाली ठेवला. सकाळीच.

बंटी बी-१०२: गाडीचं गाणं वाजून राहिलं बे मंगेशभाऊ, कोपऱ्यावर आली, पळा

सकाळी ७:३१

प्राची बी-३०२: बनियानवर गेले आहेत. कोणी फोटो काढू नका.

बंटी बी-१०२: उशीर झाला वहिनी

सेक्रेटरी ए-१०१: काचेच्या वस्तू ओल्या कचऱ्यात टाकू नयेत ही सूचना मार्चमध्ये दिली होती.

सकाळी ७:५०

मंगेश बी-३०२: मिळाली. कलिंगडाच्या सालींखाली होती. गाडीवाल्या दादानेच शोधून दिली. रबर आहे! वरच्या कडेला चिकटलेलं, मला वाटलं होतं गोंदाचा गोळा आहे.

सानिका सी-४०४: 👏 चिमट्याने काढा, ताणू नका. दुपारी नका करू, संध्याकाळी करा. ग्लू कालचाच आहे ना? कोणता?

मंगेश बी-३०२: बी-७०००

सानिका सी-४०४: मग अजून कच्चा असेल, पूर्ण धरायला २४ ते ४८ तास लागतात. वरच्या कडेतून जुनं एटीएम कार्ड घालून उचला, ड्रायर कमी आणि लांबून. खाली बॅटरी आहे, तिला ना गरम करायचं ना टोचायचं. आणि आधी लॅपटॉपवर बॅकअप घ्या. टच मधेच दगा देत असेल तर ओटीजीला, म्हणजे फोनला यूएसबी जोडायच्या छोट्या अडॅप्टरला, माउस जोडा, फोनवर बाण येतो, सगळं माउसने होतं.

काकू ए-२०३: माझ्या नातवाच्या आयफोनवर स्क्रीन बदलल्यापासून मेसेज येतो, पार्ट ओळखीचा नाही म्हणून. त्यालाही रबर लागते का?

सानिका सी-४०४: नाही काकू 😄 आयफोन ११ पासून पुढे कंपनीची स्क्रीन नसली तर तसं लिहून येतं. फोन चालतो, दुर्लक्ष करा. ट्रू टोन, म्हणजे खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणं, मात्र जाऊ शकतं.

काकाजी सी-२०१: ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी राईट टू रिपेअर नावाचे पोर्टल सुरू केले आहे. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. पुढच्या वेळी व्हिडिओच्या आधी तिथे डोकवावे.

मंगेश बी-३०२: पुढची वेळ नको काकाजी.

रात्री ८:४०

मंगेश बी-३०२: सानिका, काकाजी, झालं. रबर बसवलं, पट्टी बसवली, दोन्ही स्क्रू सारखेच निघाले. कोपऱ्यातला जुना गोंदही खरवडला, चांगला मोहरीएवढा थर होता. आता चारी बाजूंनी रबर बँड लावून ठेवला आहे. अर्धा तास झाला, एकही रेषा नाही. चार्जरही प्राचीचा लावून पाहिला.

प्राची बी-३०२: वाटी रिकामी आहे. मी तपासली.

सानिका सी-४०४: मस्त! पण पाण्यापासून जपा, कंपनीचं सील गेलं आहे. आणि फोन गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. नवतपा चालू आहे, कडक उन्हाचे नऊ दिवस. आयफोनवाले तर ३५ अंशांच्या वर वापरू नका सांगतात, आपल्याकडे तेवढं रात्री दहालाही असतं.

मंगेश बी-३०२: कोणीतरी कॉल लावा ना, कट होतो का बघायचं आहे.

सेक्रेटरी ए-१०१: मी लावतो.

रात्री ८:४६

मंगेश बी-३०२: झाला! कानाला लावला की काळी, काढला की उजेड, लाल बटण दिसलं, कट केला. धन्यवाद भाऊ.

सेक्रेटरी ए-१०१: हो, आता कट झाला.

सेक्रेटरी ए-१०१: काल रात्री नऊचा कॉल माझा होता. तुमच्या कूलरचं पाणी ए-२०३ च्या गॅलरीत टपकतं ते सांगायला. तो कट झाला नव्हता. मी अकरा मिनिटं लाइनवर होतो.

बंटी बी-१०२: 😶

प्राची बी-३०२: अरे देवा

मंगेश बी-३०२: भाऊ ते मी दुसऱ्या सेक्रेटरीबद्दल बोलत होतो, ऑफिसच्या

सेक्रेटरी ए-१०१: ऑफिसच्या सेक्रेटरीलाही कूलरची ॲलर्जी आहे म्हणा. पाइप उद्या सकाळी लावून घ्या.

मंगेश बी-३०२: आत्ता लावतो भाऊ.

काकू ए-२०३: गॅलरीतला दिवा लावून ठेवते रे, अंधारात पडशील.