तुमची मालिका संपली तेव्हा काय झालं?

माडाखालची:
काल लेक उशीत तोंड खुपसून हुंदके देत होती. मला वाटलं कॉलेजात काहीतरी झालं. बघते तर मोबाइलवर कुठल्याशा कोरियन मालिकेचा शेवटचा भाग! पोट धरून हसले. मग भांडी घासताना सासूबाई आठवल्या आणि हसू जिरलं.

माझं लग्न 2001 चं, सासर गोव्यात, डिचोलीला. त्याच वर्षी ‘चार दिवस सासूचे’ सुरू झालं, ते संपलं 2013 च्या जानेवारीत. तीन हजारांवर भाग झाले. तेवढी वर्षं रोज आम्ही दोघी टीव्हीसमोर. त्यांच्या पुढ्यात माडाची चुडतं, हातात सुरी, साळणीसाठी, म्हणजे खराट्यासाठी, हीर सोलायच्या. डोळे पडद्यावर आणि तरी एक हीर मोडायचा नाही.

खरं सांगू? आम्ही भांडायचो ते त्या मालिकेतूनच. ‘सुनेची उठायची वेळ काय ती!’ हे कविता लाडच्या अनुराधासाठी नसायचं, मला कळायचं. मग मीही रोहिणी हट्टंगडींच्या आशालतेला सुनवायची, ‘सासूने तरी किती पाळत ठेवावी!’ एकमेकींना थेट वाकडा शब्द कधी नाही. अकरा वर्षं!

शेवटच्या भागाच्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोघी सवयीने येऊन बसलो. टीव्ही बंद. हीर सोलल्याचा आवाज तेवढा, सुर्र सुर्र. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘आतां कोणाचेर घालून सांगपाचें गो तुका?’ आणि सुरी न थांबवता, ‘हुमणांत मीठ चड जाता तुजें.’ (माशाच्या कालवणात मीठ जास्त!)

तुमचं सांगा. घाईत असलात तरी दोन ओळी टाका.

आवाठातला:
मीठ चड हाहाहा. मेलो.

सीमेवरचा_पेडणेकर:
रात्रीस खेळ चाले. दुसरं काय असणार. आमची आजी ते बघायची कमी आणि तपासायची जास्त, ‘ह्यो शब्द मालवणीत असो म्हणनत नाय’ वगैरे. 2016 च्या ऑक्टोबरात संपली तेव्हा तिने निःश्वास सोडला, कारण रात्री एकटी परसात जायला घाबरायची. 2019 ला परत आली. 2021 ला परत. आजी म्हणाली, ह्या मड्याक तीन तीनदा अग्नी दिवचो पडता. आकेरीचा तो चित्रीकरणाचा वाडा बघायला आम्ही बांद्यावरून गेलो होतो, आजी गाडीतून उतरलीच नाही. लांबूनच हात जोडले.

वाळपईची_मी:
मालिकेतल्या त्या अण्णा नाईकांना हात जोडले???

सीमेवरचा_पेडणेकर:
घाबरून. शेवंतेला नव्हे.

जुना_खांब:
तुम्ही सगळी पोरं. आमचं महाभारत. 24 जून 1990, रविवार सकाळ, शेवटचा भाग. आमच्या वाड्यावर टीव्ही एकच, सावकाराच्या घरात, आणि ओसरीपासून खळ्यापर्यंत माणसं. चपलांचा ढीग एवढा की नंतर तासभर जोड्या लावत बसावं लागे. जूनचा पाऊस, त्यात ॲंटेना फिरला. मी सोळा वर्षांचा, सडपातळ, म्हणून मला कौलांवर चढवलं. वरून मी, ‘दिसता?’ खालून, ‘ना! मातशें उजव्यान घुंवडाय!’ घुंवडायलो. एकदम शंभर गळे ओरडले, ‘आयलें आयलें! आतां हालूं नाका!’

नाही हाललो. डोक्यावर गोणपाट, हातात ॲल्युमिनियमची दांडी, पायाखाली शेवाळलेली कौलं. खालून बायकांचे हुंदके ऐकू येत होते, पण कोण गेलं ते कळेना. उतरलो तेव्हा सगळी घरी निघालेली. सावकारीण काकीने गरम चहा दिला, बशीत दोन खाजी ठेवली.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवलं. तीस वर्षांनी बसलो, शेवटच्या भागाला मुद्दाम लवकर जेवून. झोप लागली.

वाळपईची_मी:
काका!!! यूट्यूबवर असेल की.

जुना_खांब:
राहू दे गो आता.

तारवटी:
बोटीवर होतो, ‘वादळवाट’ मालिकेच्या शेवटच्या वर्षी. 2007. दर रविवारी बायको फोनवर आठवड्याची गोष्ट सांगायची. फोनकार्ड महाग, म्हणून ती आधी वहीत मुद्दे लिहून ठेवायची. घरची खबर शेवटी, वेळ उरला तर. एकदा सगळे भाग सांगून झाल्यावर म्हणाली, ‘आनी हां, बाबाक हॉस्पिटलांतल्यान घरा हाडलो.’ कधी नेलं होतं ते मला माहीतच नाही. खूप चिडलो. आता कळतं, बिचारी हिंमत गोळा करायला आधी मालिका सांगायची. वही अजून आहे. कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर.

माडाखालची:
@तारवटी वाचून दोन मिनिटं तशीच बसले. डाळ उतू गेली.

काणकोणकार:
माझं थोडं उलटं. 2021 आठवतं? एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि कितीतरी मालिका उठून गोव्यात आल्या. आमच्या शेजारच्या बंगल्यात एक. त्यातली एक नटी सकाळी नाइटीवर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत उभी, पाच उंडे घ्यायची. आईला तिने मालिकेत केलेली खाष्ट नणंद एवढी डोक्यात गेलेली की ती समोर आल्यावर दार लावून घेतलं. नंतर कळलं, तिलाच बरं नव्हतं, मग आईच पेज आणि तोर (खारातली कैरी) घेऊन गेली. मे उजाडला, इथेही रुग्ण वाढले, परवानग्या रद्द झाल्या, दोन दिवसांत सगळं गुंडाळलं. मालिका पुढे कुठेतरी चालूच राहिली. आईने बघायची सोडली. ‘थंय ती वायट वागता, म्हाका पळोवंक जायना.’

मुगाची_गाठी:
विषयांतर, पण फोंड्याजवळ जुना डबा टीव्ही कोणी घेतं का? आजोबांचा आहे, चालत नाही, टाकवतही नाही. सध्या त्यावर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान ठेवतो.

आवाठातला:
भंगारवाला शंभर देईल, तेही हुज्जत घालून. ठेव.

सीमेवरचा_पेडणेकर:
आमच्याकडे त्याच्यावर कोंबडी बसते.

वाळपईची_मी:
@माडाखालची, मीठ कमी केलं की नाही ते सांगितलंच नाहीस.

माडाखालची:
केलं ना. मग अळणी झालं म्हणून ओरडल्या, तेही थेट. त्यानंतर सहा वर्षं होत्या, आम्ही रोज तोंडावर भांडलो. त्यांनी बांधलेली शेवटची साळण अजून दाराआड आहे, झिजून वीतभर उरलीय.

मुगाची_गाठी:
आता हिराची साळण कुठे मिळते हो? प्लास्टिकच्याने खळं नीट झाडून होत नाही.

जुना_खांब:
म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जा. सकाळी लवकर. उशिरा गेलीस तर नारळच दिसतील.