शब्दचर्चा : ‘इन्फॉर्मंट’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ धागा

एका दिवाळी अंकासाठी झुलू इतिहासावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडून बसले आहे: ‘इन्फॉर्मंट’, म्हणजे अभ्यासकाला आपल्याकडची माहिती सांगणारा माणूस.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेम्स स्टुअर्ट (१८६८–१९४२) हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीतला गोरा मॅजिस्ट्रेट. (नाताळ म्हणजे आपल्या सणाचंच नाव. वास्को द गामाला हा किनारा १४९७ च्या नाताळात दिसला, म्हणून पोर्तुगिजांनी ते ठेवलं.) स्टुअर्टला झुलू अस्खलित यायची. १८९७ च्या सुमारास त्याने म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना बोलतं करायला सुरुवात केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं सुमारे २०० जणांचं बोलणं टिपून ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर हे कागद डर्बन शहरातल्या किली कॅम्पबेल ग्रंथालयात आले. कॉलिन वेब आणि जॉन राइट यांनी त्यांचे खंड संपादित केले. पहिला १९७६ साली निघाला, सहावा २०१४ साली.

मूळ लेखात दर दोन वाक्यांनी ‘स्टुअर्टचे इन्फॉर्मंट’ येतात. मी आधी सरसकट ‘माहितीदार’ लिहिलं. मग जान्ची कानोंगिला आला आणि पेन थांबलं. १९०३ साली त्याने स्टुअर्टला शाका या झुलू राजाच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या, त्या वडिलांकडून ऐकलेल्या. वडील नोंगिला हे सेंझंगाखोना, शाका आणि डिंगाने या राजांचे हेर होते. झुलूत हेराला ‘इन्ह्लोली’ म्हणतात. आता बापाला शोभणारा शब्द मुलाला कसा चालेल? बापाने राजासाठी बातम्या काढल्या. मुलाने घरात जपलेलं बोलून दाखवलं. ‘माहितीदार’ म्हटलं की मला पोलिस ठाण्याबाहेर घुटमळणारा माणूस दिसतो. कुणी सुचवेल का?

प्रतिसाद

ताई, ‘साक्षीदार’ का नको? मी कोर्टात पेशकार होतो, म्हणून हा शब्द आधी आठवला असेल. पण त्या खंडांच्या नावातच ‘नोंदवलेला तोंडी पुरावा’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ‘इतिहास’ पुढे येतो. स्टुअर्ट स्वतः मॅजिस्ट्रेट. सांगणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, तारीख, सोबत कोण बसलं होतं, ही सगळी जबानी घ्यायची पद्धत झाली. आपल्या जुन्या वतनाच्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, साक्षीदाराला ‘गोही’ म्हणत. गावचे जाणते गोही बसायचे आणि कुणाचं वतन किती पिढ्यांचं ते सांगायचे.

प्रतिसाद

काका, ‘गोही’ शब्द वाचून आनंद झाला, पण साक्षीदाराला कुणीतरी बोलावलेलं असतं आणि वाद दुसऱ्याचा असतो. ही माणसं स्वतःच्या हेतूनेही बोलत होती. कुणाचं घराणं आधीचं, कोणता राजा न्यायाने वागला, गोऱ्यांच्या राज्यात काय बुडालं, हे त्यांना सांगायचं होतं.

‘माहितीदार’ मात्र नक्कीच नको. त्याचं कारण स्टुअर्टमध्येच आहे. १९०६ साली बंबाथा या झुलू सरदाराने केलेल्या उठावात तो नाताळच्या फौजेबरोबर गुप्तवार्ता अधिकारी होता आणि १९१३ साली त्याने त्या उठावाचा इतिहासही छापला. त्यामुळे ‘स्टुअर्टचे माहितीदार’ लिहिलंत, तर वाचक हमखास फितुरीचा वास घेईल. ज्युलियन कॉबिंग या इतिहासकाराने १९८८ साली स्टुअर्टच्या सगळ्या संग्रहालाच ‘दूषित विहीर’ ठरवलं होतं. कॅरोलिन हॅमिल्टन यांनी त्यावर उलट बाजू मांडली. सांगणाऱ्यांचं म्हणणं स्टुअर्टच्या हातून घडलं, पण ते त्याने रचलेलं नाही, असा त्यांचा रोख आहे. मला हॅमिल्टन पटतात. एकाच लढाईबद्दल दोन म्हातारे दोन उलट गोष्टी सांगतात आणि टिपणात दोन्ही राहतात. रचणाऱ्याने एक तरी पुसली असती.

प्रतिसाद

बोलीच्या पाहणीला गावोगाव फिरायचो, तेव्हा आम्ही ‘निवेदक’ लिहायचो. पण आता निवेदक म्हटलं की रेडिओ आणि गाण्याचे कार्यक्रम. ‘कथक’ म्हणावं तर नाच.

प्रतिसाद

नावातल्या ‘का’बद्दल. ‘जान्ची कानोंगिला’ म्हणजे नोंगिलाचा जान्ची. आपल्या जुन्या कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ येतं, तेच काम हा ‘का’ करतो. तो वडिलांच्या नावाला जोडूनच लिहा आणि दर वेळी पूर्ण नाव द्या. नुसतं ‘जान्ची’ लिहिलं तर तो कुणाचं ऐकून बोलतोय हे हरवतं, आणि इथे सगळं वजन त्यावरच आहे.

वेब आणि राइट यांनी खंड कसे लावले तेही लेखात सांगा. विषयवार नाही, तारीखवार नाही, तर सांगणाऱ्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने. खंड उघडला की ‘शाका’ हे प्रकरण सापडत नाही, माणूस सापडतो: बालेनी कासिल्वाना, लुंगुझा कामपुकाने, म्त्शापी कानोराडू. ही मांडणी मला फार आवडते. तिची एक अडचणही आहे. एकाच बैठकीत तिघे बोलले असले तर बैठक फुटते आणि तुकडे तीन ठिकाणी जातात.

आणि एन्दुक्वाना काम्बेंग्वाना याला विसरू नका. तो स्टुअर्टबरोबर कित्येक वर्षं होता. दुसरा कुणी बोलत असताना हा शेजारी बसलेला असतो आणि मध्येच ‘असं नव्हे, असं होतं’ म्हणून भर घालतो. टिपणात तीही नोंद आहे. दक्षिण भारतातल्या गावोगावच्या हकीकती जमवणाऱ्या कर्नल मॅकेंझीच्या कैफियती म्हणताना आपण त्याचे मदतनीस कावली बोरय्या यांचं नाव गाळतो, तसं इथे होऊ नये.

प्रतिसाद

झुलूंचे शेजारी स्वाझी, त्यांची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. स्टुअर्टने १८९८ मध्ये स्वाझी माणसांशीही बोलणी केली. गिबा आणि जॉन गामा ही त्यांतली नावं. त्यानंतर फिलिप बॉनर यांनी १९७० च्या सुमारास स्वाझीलँडमध्ये मुलाखती घेतल्या, हॅमिल्टन यांनी १९८० च्या दशकात घेतल्या, आणि १९८५ साली लोबांबाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मौखिक इतिहासाचा प्रकल्पच उभा राहिला. (देशाचं नाव २०१८ पासून एस्वातिनी आहे. त्याआधीच्या काळाबद्दल लिहिताना स्वाझीलँड ठेवलं तरी चालावं.)

सांगणारा कोणत्या कुळाचा, याला तिथे फार महत्त्व आहे. राजघराण्याबरोबर आलेले ते ‘बेम्दझाबुको’. ते आले तेव्हा जे आधीच तिथे नांदत होते, ते ‘एमाखांझाम्बिली’, म्हणजे ‘पुढे सापडलेले’. नंतर आसऱ्याला आले ते ‘एमाफिकामुवा’, ‘मागाहून आलेले’. यांना ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ म्हणायचा मोह होईल, पण तो आवरा. आपले शब्द जमिनीच्या हक्काचे आहेत. तिथले शब्द राजाच्या वाटेवर कोण कुठे भेटलं ते सांगतात. ‘पुढे सापडलेला’ माणूस राज्याची सुरुवात सांगतो, तेव्हा त्याच्या गोष्टीत राजा बाहेरून येतो.

दुसरं म्हणजे स्टुअर्टच्या टिपणांत बाया अगदी थोड्या. आवाज हवा असेल तर राजकन्या मागोगो कादिनुझुलू (१९००–१९८४) यांची ध्वनिमुद्रणं ऐका. दिनुझुलू राजाची ही मुलगी ‘उगुभू’ वाजवत गायची. एक धनुष्य, एक तार, खाली पोकळ भोपळा. भोपळ्याचं तोंड छातीजवळ कमीजास्त उघडं केलं की त्या एकाच तारेतून वेगवेगळे सूर निघतात. घराण्यातल्या जुन्या बायकांची गाणी तिने अशी राखली. तिला ‘माहितीदार’ म्हणून दाखवा!

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. माझी एक चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. कच्च्या खर्ड्यात मी ‘इझिबोंगो’चं भाषांतर ‘आडनावं’ केलं होतं. ‘इसिबोंगो’ म्हणजे कुळाचं नाव, म्हणजे अनेकवचन ‘आडनावं’, असा हिशोब केला. पण ‘इझिबोंगो’ म्हणजे स्तुतिकाव्य, राजासमोर ‘इम्बोंगी’ म्हणतो ते. स्वाझीत त्याचं ‘तिबोंगो’ होतं, झुलूच्या ‘झ’ला तिथे ‘त’. संपादकांनी खुणेची रेघ मारून परत पाठवलं, तेव्हा कळलं.

आधी वाटलं ‘पोवाडा’ लिहावा. पण पोवाड्यात प्रसंग सलग चालतो, इझिबोंगोत एकावर एक बिरुदं चढत जातात. ‘बिरुदावली’च जवळचा. शाकाचं एक बिरुद आहे ‘उनोदुमेह्लेझी कामेन्झी’. ‘दुमा’ म्हणजे गडगडणं आणि नाव होणं, दोन्ही. ‘ह्लेझी’ म्हणजे बसलेला. मेन्झी हे त्याच्या वडिलांचं बिरुद. मी लिहिलं: ‘मेन्झीचा, बसल्या जागी गाजणारा’. आपल्या ‘गाजणे’तही गर्जना आणि कीर्ती दोन्ही आहेत. ते सुचलं तेव्हा दुपारचा चहा गार झाला होता आणि त्याचं काही वाटलं नाही.

इतिहासाला झुलूत ‘उम्लांडो’, स्वाझीत ‘उम्लांद्वो’. मूळ क्रियापद ‘लांडा’: मागे जाणे, जाऊन आणणे, हकीकत सांगणे. मला ‘मागोवा’ आठवला. मागावर जायचं आणि सापडलेलं घेऊन यायचं.

तर ठरवलं आहे ते असं. नाम म्हणून ‘जाणते’. काकांच्या गोहींच्या वाक्यातूनच उचललं. पण खरा फरक क्रियापदाने पडतोय. ‘स्टुअर्टने माहिती गोळा केली’ अशी वाक्यं उलटून घेते आहे. कर्ता सांगणारा, स्टुअर्ट लिहून घेणारा. लेखाची सुरुवात आता अशी आहे:

‘१९०३ साली जान्ची कानोंगिला सांगायला बसला. त्याने वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं, स्टुअर्टने लिहून घेतलं.’

‘सांगायला बसला’ ठेवू की ‘सांगू लागला’? उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

प्रतिसाद

‘सांगायला बसला’च ठेवा, ताई. तो सवडीने, ठरवून बसला आहे.