बालवाडीतला ‘समुद्र आठवडा’ सांगलीच्या मुलांच्या कितपत उपयोगाचा?

बालवाडी शिक्षिका, सांगली

शाळा रुळल्या की आमच्याकडच्या बहुतेक बालवाड्यांत विषयवार आठवडे सुरू होतात आणि त्यांत ‘समुद्र’ हटकून असतो. भिंतीला निळा क्रेप कागद लागतो, दोरीला कागदी मासे टांगले जातात आणि कागदी ताटलीचा ऑक्टोपस तयार होतो. या ऑक्टोपसचे आठही हात बाईंनीच कापलेले असतात, डिंकही त्याच लावून देतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त डोळे चिकटवणे येते. शनिवारी पालकांना दाखवण्यासाठी सगळे ऑक्टोपस एका रांगेत लावले की त्यांतला आपला कोणता, हे मुलालाही सांगता येत नाही.

तीन ते सहा वर्षांचे मूल हाताने, जिभेने आणि नाकाने शिकते. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी तो आठवडाभर निळा कागद होऊन राहतो. त्यापेक्षा पाण्याची सुरुवात आपल्या कृष्णेपासून करावी, घाटावरची ओली वाळू, शंख-शिंपले आणि गोगलगायी मुलांच्या हाती द्याव्यात आणि समुद्र मोठ्या गटापर्यंत थांबवावा, असे माझे ठाम मत आहे.

पालक, मिरज

ताई, ऑक्टोपसबद्दल आपण लिहिलेले पटते, परंतु तो दोष कृती आखण्याचा आहे. त्याची शिक्षा समुद्राला का द्यावी? मुलांनी जे पाहिले नाही त्याचीच त्यांना सर्वांत जास्त ओढ असते. माझ्या मुलीच्या बाईंनी शाळेच्या पटांगणात खडूने तीस मीटर लांबीची रेघ ओढली आणि मोठ्यातला मोठा निळा देवमासा एवढा असतो, असे सांगून मुलांना त्या रेघेवरून चालायला लावले. पुढे त्याच रेघेवर मुले एकामागोमाग आडवी झोपली आणि वर्गातली सगळी मुले संपली तरी देवमासा उरलाच. त्या दिवशी घरी आल्यावर ‘देवमासा मासा नसतो, तो श्वास घ्यायला वर येतो आणि त्याचे पिल्लू आईचे दूध पिते’ हे तिने आजीला समजावून सांगितले. यात कात्री-डिंक काही लागले नाही आणि मिरजेत समुद्र नाही, याने काही अडलेही नाही.

दुसरे असे की, नदी ओळखीची म्हणून सोपी, हे सांगलीत तरी म्हणता येणार नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ज्या घरांत आजही पावसाळ्यात सामान माळ्यावर चढते, तिथल्या मुलाला नदी म्हणजे काय वाटते, याचा विचार घाटावर नेण्याआधी व्हायला हवा.

सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, कराड

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने उभी केली. बोर्डीच्या मुलांना समुद्र दारात होता. आपल्याकडेही तो येतो, फक्त वेगळ्या रूपाने: आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील येतात आणि प्रत्येक घरात मीठ असते. तेव्हा ताईंच्या सुरुवातीशी मी सहमत असलो, तरी समुद्र पुढे ढकलण्याशी नाही.

एका पसरट थाळीत मिठाचे पाणी घालून ती चांगल्या उन्हात ठेवावी आणि रोज मुलांना पाहू द्यावे. पाणी आटते, तळाशी पांढरा थर उरतो आणि तो मूल बोटाने चाटून पाहते. मिठागरात मीठ असेच तयार होते. कृष्णाकाठच्या क्षारपड शेतांत जमिनीवर फुटलेली पांढरी खपली आपल्या मुलांनी पाहिलेली असते, तिचाही उल्लेख येथे करता येतो. अर्थात ती चाखायची नाही, हे आधी बजावावे.

मिठाच्या पाण्यात अंडे तरंगवण्याचा प्रयोग मात्र जपून करावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ताजे अंडे तरंगायला त्याहून बरेच जास्त मीठ लागते. म्हणून ‘समुद्रात अंडे तरंगते’ असे मुलांना सांगितले, तर ते चूक ठरेल. जास्त मिठाने पाणी जड होते, एवढेच सांगावे.

अंगणवाडी सेविका, जत तालुका

वरची चर्चा वाचताना मला वाटले की सर्वांनी नदी घरासमोर आहे असेच धरून चालले आहे. कृष्णा आमच्या तालुक्यातून वाहत नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी येते ते कालव्याने, आणि काही गावांत उन्हाळ्यात टँकरच येतो. माझ्या मुलांना कृष्णा आणि समुद्र दोन्ही सारखेच दूरचे आहेत. मग जवळचे तेच आधी, हा नियम आम्ही कसा पाळावा?

एक काळजीची गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. ‘समुद्राची परात’ म्हणून पाण्यात फुगणारे रंगीत मणी देण्याची पद्धत आता पसरली आहे. ते गिळले गेले तर पोटात फुगून आतडे बंद पडू शकते आणि एक्स-रेमध्ये ते दिसतीलच असे नाही. कृपया ते वापरू नका. मी भिजवलेला साबुदाणा देते आणि गोकर्णाच्या फुलांच्या पाण्याने तो निळा करते. पाणी थोडेच लागते आणि ते नंतर झाडांना जाते.

बालवाडी शिक्षिका, सांगली

जतच्या ताईंचा प्रश्न रास्त आहे. ज्या गावी नदी नाही, तिथे हंड्यापासून सुरुवात करावी. माझा आग्रह कृष्णेसाठी नसून मुलाच्या हाताला लागणाऱ्या पाण्यासाठी आहे. साबुदाणा आणि मिठाची थाळी मी लहान गटात अवश्य घेईन.

देवमाशाच्या रेघेबद्दल मात्र माझे मत वेगळेच आहे. पाच वर्षांच्या मुलीला ती पेलली, परंतु माझ्याकडे तीन वर्षांची मुलेही त्याच वर्गात बसतात आणि त्यांच्यासाठी ती केवळ लांब रेघ असते.

पालक, मिरज

केवळ लांब रेघ असली तरी तिच्यावरून धावण्याचा आनंद तीन वर्षांच्या मुलालाही मिळतो, आणि देवमासा हा शब्द त्याच्या कानावर पडतो. अर्थ दोन वर्षांनी कळला तरी चालेल. रेघ दोन्ही गटांसाठी ओढा, एवढीच विनंती.