धागा: दुरुस्तीच्या पिशवीत पेनड्राइव्ह एक की चार?

धागाकर्ता: सुट्टीच्या दिवशी मी आसपासच्या शाळांच्या संगणक लॅब लावून देतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवर 11 बसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकतोय. माझं ठाम मत आहे की या कामाला एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टम सुरू करून देणाऱ्या व्हेंटॉयसारखं दुसरं काही नाही. पेनड्राइव्ह एकदा तयार केला की आयएसओ फाइली (म्हणजे इन्स्टॉल डिस्कची एका फाइलीत अख्खी प्रत) नुसत्या कॉपी करायच्या. माझ्या 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट, डेबियन, विंडोज 11, बिघडलेलं मशीन सावरायला सिस्टमरेस्क्यू, डिस्कची प्रत काढायला क्लोनझिला असं सगळं आहे. मशीन सुरू करताना यादीतून निवडायचं. पेनड्राइव्हवर एकेक आयएसओ लिहिणारं रूफस किंवा बॅलेना एचर वापरलं तर दर वेळी अख्खा पेनड्राइव्ह पुसला जातो. त्यात रूफस चालतं फक्त विंडोजवर, म्हणजे मिंट टाकलेल्या लॅबमध्ये बसून पुढचा पेनड्राइव्ह बनवताही येत नाही.

काळी खिडकी: सोय मान्य, भरवसा नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लिनक्समधल्या साधनाचं प्रकरण झालं. त्यातला चोरदरवाजा चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइलींत दडवला होता. त्यानंतर व्हेंटॉयच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) पडलेल्या तयार बायनरींबद्दल लोकांनी प्रश्न विचारले, ते उगाच नाही. नुसता जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लावून भागत नाही, सोर्सवरून तीच फाइल आपल्याला बनवता आली पाहिजे. शिवाय व्हेंटॉय बूट होताना मध्ये हात घालतं, इन्स्टॉलरला आयएसओ ही खरी डिस्क आहे असं भासवतं. इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकलं तर दोष आयएसओचा, मशीनचा की मधल्या थराचा, हे कसं शोधणार?

रूफस 2011 पासून आहे आणि एकच काम नीट करतं. विंडोजची इन्स्टॉल फाइल 4 जीबीच्या वर गेली की फॅट32 या जुन्या फाइल-रचनेवर मावत नाही. मग रूफस विंडोजच्या एनटीएफएस रचनेचं पार्टिशन करतं आणि ते मशीन सुरू करणाऱ्या यूईएफआयला वाचता यावं म्हणून शेजारी एक छोटं पार्टिशन ठेवतं. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

धागाकर्ता: बायनरींचा मुद्दा मला पटतो. पण वीस मशीन आणि हातात एक रविवार, हेही बघा ना.

लॅबवाली: वीस मशीन एकसारखी असतील तर वीसदा इन्स्टॉल करताच कशाला? एक नीट लावा, मराठी कळफलकासकट, आणि क्लोनझिलाने तिच्या डिस्कची प्रतिमा (फाइलींत साठवलेली प्रत) घ्या. तैवानच्या संगणन केंद्रात तयार झालेलं हे साधन फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं, त्यामुळे प्रतिमा आटोपशीर राहते. फक्त समोरची डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको.

तबकडी: तुम्ही सगळे इन्स्टॉलबद्दल बोलताय, रेस्क्यू राहूनच गेलं. शेजारच्या काकूंची 500 जीबीची डिस्क माझ्याकडे आली तेव्हा टक्-टक् आवाज करत होती. आत लेकीच्या लग्नाचे फोटो. एका दुकानात तिच्यावर दोनदा डिस्क-तपासणी चालवून झाली होती. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं म्हणजे तिचे उरलेले श्वास खर्च करणं! सिस्टमरेस्क्यूमध्ये खराब डिस्कची प्रतिमा काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू आहे, आधी ते. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं घेतलं, खराब जागांचा पिच्छा नंतर पुरवला. सोबत मॅपफाइल ठेवली होती, त्यात कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला याची नोंद होते. रात्री लाइट गेली, तरी सकाळी तिथूनच पुढे सुरू केलं. हरवलेले फोटो शोधून काढणारं फोटोरेक चालवलं ते त्या प्रतिमेवर, मूळ डिस्कला हात न लावता. काही फोटो अर्धे करडे निघाले, पण हळदीचे सगळे मिळाले.

धागाकर्ता: हे वाचून सिस्टमरेस्क्यूसाठी वेगळा पेनड्राइव्ह करतोय. इन्स्टॉलसाठी मात्र व्हेंटॉयच.

काळी खिडकी: मग एक विचारतो. सिक्युअर बूट (ओळखीच्या डिजिटल सहीशिवाय काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्यांदा निळ्या पडद्यावर आपली की, म्हणजे सही ओळखायची किल्ली, नोंदवायला लावतं. ती की पेनड्राइव्ह काढल्यावरही मशीनमध्ये राहते. शाळेच्या मुख्याध्यापकांना हे सांगता का?

धागाकर्ता: नाही सांगितलं, आणि सांगायला हवं होतं. मिंटमधून एमओकेयूटिल या आज्ञेने नोंदवलेल्या की बघता येतात, काढताही येतात. येत्या रविवारी झालेल्या लॅबमध्ये परत जातो आणि एकेका मशीनवरून ती काढतो.