मदत हवी आहे: विक्री झाली की नाही? कोणी वकील आहे का इथे?

कोपवाला | १४ ऑक्टोबर २०१०, सकाळी ७:१०
काल दुपारी निकाल आला तेव्हा ऑफिसात खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. पेढे वाटायचेच बाकी होते. पहाटे उठून बघतो तर टेक्सासच्या कोर्टाने विक्री अडवलेली! लंडनच्या हायकोर्टाने एक सांगितल्यावर टेक्सासचं जिल्हा कोर्ट मध्ये येतंच कसं? उद्या बँकेची मुदत संपते. संपली तर ९ गुण जाणार हे नक्की का? मला उद्या दुपारी १२ च्या आत ३१ जणांचं काय ते कळवायचं आहे. रात्रभर बातम्या वाचून डोकं बधिर झालंय, प्रत्येक जण वेगळंच लिहितो. कायदा कळणाऱ्यांनीच उत्तर द्या. होय की नाही, एवढंच सांगा.

सुमेधा_ठाणे | ७:४२
कशाची विक्री? घराची का? टेक्सासमधली मालमत्ता असेल तर कुलमुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे आणि ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलंय का, हे आधी लिहा. माझ्या मामेभावाचा व्यवहार एका सहीपायी दीड वर्ष लटकला होता. आणि ३१ वारस असतील तर प्रत्येकाचं संमतीपत्र वेगळं घ्या.

निनाद_चिंचवड | ८:०५
सुमेधाताई, घर नाही हो, फुटबॉल आहे. कोप म्हणजे अ‍ॅनफिल्डमधला, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानातला स्टँड. लिव्हरपूल ना रे? पण ३१ जण कोण आणि त्यांचं काय ठरवायचंय, ते लिहिलंच नाहीस.

कोपवाला | ८:११
लिव्हरपूलच, दुसरं काय असणार. ३१ जण आमचे पुण्यातले. त्यांचा प्रश्न नंतर, आधी टेक्सासचं सांगा.

कृष्णाकाठ | ८:४०
मला फुटबॉल कळत नाही, पण प्रकरण ओळखीचं वाटलं. आमच्या वडिलांचा शेअर ज्या साखर कारखान्यात होता तो असाच गेला. कर्ज थकलं, बँकेने ताबा घेतला, लिलाव केला. संचालक ओरडत राहिले की किंमत कमी आली. ऊस घालणाऱ्याला कोणी विचारलं नाही. तुमच्या क्लबात सभासद किती? सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करता येते का बघा. आम्ही ती वेळेत केली नाही, ते वडिलांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

कोपवाला | ८:५२
दादा, सभासद नाहीतच. खासगी कंपनी आहे. हिक्स आणि गिलेट या दोन अमेरिकनांनी २००७ मध्ये विकत घेतली. स्टॅनले पार्कात नवं स्टेडियम बांधू, साठ दिवसांत कुदळ पडेल, क्लबवर कर्ज चढवणार नाही, असं तेव्हा म्हणाले होते. साडेतीन वर्षं झाली, कुदळ नाही आणि कर्जाचा डोंगर मात्र आहे. आज ७ सामन्यांत ६ गुण, अठरावे आहोत. ब्लॅकपूल अ‍ॅनफिल्डवर येऊन हरवून गेलं. ९ गुण गेले तर उणे ३. खालच्या लीगमध्ये जाणार या विचाराने मला झोप नाही.

लाल_सैतान | ९:१५
मँचेस्टर युनायटेडचा आहे म्हणून हाकलू नका. आम्ही हेच २००५ पासून भोगतोय. आमचा मालक ग्लेझर याने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते क्लबच्याच बोडक्यावर टाकलं. म्हणून आमचे लोक हिरवे-सोनेरी मफलर घालतात, न्यूटन हीथचे जुने रंग. मार्चमध्ये बेकहॅमने मिलानकडून खेळून जाताना तो गळ्यात घातला. पण खरा मार्ग एकच, स्वतःचा क्लब काढा. आमच्यातल्या काहींनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. एक माणूस, एक मत. मालक बदलून काही होत नाही. तुमचा क्लब घ्यायला निघालेले बोस्टनचे लोक आले तरी ते मालकच.

कोपवाला | ९:२३
मी काय विचारलंय आणि तुम्ही काय सांगताय? उद्यापर्यंत क्लब काढू का?

निनाद_चिंचवड | ९:३१
९ गुणांचं उगाच घाबरवतायत. कर्ज वरच्या होल्डिंग कंपनीवर आहे. कर्ज थकलं म्हणून कंपनी चालवायला प्रशासक बसला तर तिच्यावर बसेल. संघाचा काय संबंध?

डोंबिवली_फास्ट_विंगर | ९:४४
निनाद, साउदम्प्टन विसरलास का? २००९ मध्ये तिथेही वरच्या कंपनीवरच प्रशासक बसला होता. वेगळी कंपनी आहे ही सबब फुटबॉल लीगने ऐकली नाही, १० गुण कापले. आणि याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये पोर्टस्मथचे ९ गेले, खालीही गेले. म्हणून भीती खरी आहे. नीट वाचल्याशिवाय लोकांना धीर देऊ नये.

विदर्भी_वकील | १०:२०
दिवाणी वकिली करतो. इंग्लंडचा कायदा माझा विषय नाही, पण दोन्ही आदेशांच्या बातम्या बारकाईने वाचल्या.

एप्रिलमध्ये आरबीएस बँकेने कर्जाला मुदतवाढ दिली तेव्हा मालकांकडून लिहून घेतलं की संचालक कोणाला नेमायचं आणि कोणाला काढायचं हे फक्त क्लबचे अध्यक्ष ब्रॉटन ठरवतील. याच महिन्यात बोस्टनच्या एनईएसव्ही या कंपनीला ३० कोटी पौंडांना विकायचं ठरू लागलं, तसं हिक्सने पर्सलो आणि एअर या दोघा संचालकांना काढून आपला मुलगा आणि आपल्याच कंपनीतली एक बाई तिथे बसवायचा प्रयत्न केला. न्या. फ्लॉइड यांनी काल सांगितलं की तो अधिकार तुमच्याकडे उरलाच नव्हता. म्हणजे मंडळ जुनंच, आणि त्यात विक्रीच्या बाजूने ३ विरुद्ध २.

आता टेक्सास. डॅलसच्या कोर्टाने लंडनचा निकाल फिरवलेला नाही, तसं ते करूच शकत नाही. त्याचा आदेश माणसांवर आणि संस्थांवर आहे: विकलंत तर आमचा अवमान केलात. आरबीएसचा अमेरिकेत धंदा आहे, एनईएसव्ही तर तिथलीच. अवमान त्यांना परवडणार नाही, म्हणून त्यांचे हात थांबले. डॅलसची पुढची तारीख २५ ऑक्टोबर आणि बँकेची मुदत १५. मधले दहा दिवस हिक्सला हवे आहेत, दुसरा कर्जदाता शोधायला. सोबत १६० कोटी डॉलरची भरपाईही मागितली आहे.

उतारा लंडनमध्येच आहे. आमच्यापुढे वाद चालू असताना तोच वाद परदेशात नेऊ नका, असा मनाई हुकूम मिळतो. अँटी-सूट इंजंक्शन म्हणतात. माझ्या मते आजच मिळेल. होय-नाही विचारलंत म्हणून सांगतो: विक्री होईल. पण उद्या दुपारी १२ च्या आत होईल असं मी लिहून देणार नाही. आणि ३१ जणांचं काय आहे ते कळल्याशिवाय तुम्हाला सल्लाही देता येणार नाही.

कोपवाला | १०:३८
वकीलसाहेब, इतकं स्वच्छ कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

३१ जणांचं असं. आम्ही दर सामन्याला एकत्र जमतो, पौड रोडला एका मित्राच्या गच्चीवर. यंदा सगळ्यांनी अधिकृत जर्सी घ्यायची ठरली. पैसे माझ्याकडे जमले, माझ्या आतेभावाने तिकडून ऑर्डर नोंदवली. ती उद्या आपल्या दुपारी १२ पर्यंतच रद्द करता येते. निम्मे म्हणतात क्लब त्या दोघांकडे राहिला तर एक पेनीसुद्धा जायला नको, रद्द कर. काही कॉलेजातली पोरं आहेत, चार महिने पैसे साठवून दिलेत. मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्या पैशातून हिक्सचं व्याज गेलं?

शिवणकाम_ठोक | १०:५५
३१ जर्सी असतील तर तिरुपूरला शिवून घ्या. पॉलिस्टर चांगलं मिळतं, नंबर-नाव छापून तिप्पट स्वस्त. तिकडून मागवल्या तर कस्टम ड्युटी वेगळी, ती धरली आहे का?

कोपवाला | ११:०२
छापील नकली अंगावर चढवायचा नाही म्हणून तर पैसे साठवले. ड्युटी लागणार नाही, भाऊ दिवाळीला येताना आणतोय.

डॅलसकर_मीनल | ११:३०
इथे आत्ता मध्यरात्र आहे, धागा वाचून राहवलं नाही. टेक्सास म्हणजे सगळे हिक्सच्या बाजूचे असं समजू नका. इथला टेक्सास रेंजर्स हा बेसबॉल संघही त्याचाच होता. कर्जाचे हप्ते थकले, मे महिन्यात संघ दिवाळखोरीत गेला आणि ऑगस्टमध्ये कोर्टात लिलाव झाला. नोलन रायन यांच्या गटाने रात्री उशिरापर्यंत बोली लावून घेतला. नोलन रायन म्हणजे इथल्या लोकांसाठी देवच. लिलाव संपला तेव्हा आम्ही शेजारीपाजारी फोन करून एकमेकांना उठवलं होतं. आणि उद्यापासून तोच संघ यँकीजशी खेळणार आहे! माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला हिक्स कोण हे माहीतही नाही.

एनईएसव्हीच्या जॉन हेन्रीबद्दल: २००२ मध्ये त्यांनी बोस्टन रेड सॉक्स हा बेसबॉल संघ घेतला, २००४ मध्ये ८६ वर्षांनी विजेतेपद आलं, २००७ ला पुन्हा. त्या संघाचं मैदान फेनवे पार्क पाडायचं घाटत होतं, त्यांनी ते जपलं, दुरुस्त केलं.

लाल_सैतान | ११:४१
दोन विजेतेपदं दाखवली की झालं का? ते नफ्यासाठीच येतायत. बार्सिलोनासारखे सदस्य मालक हवेत.

डोंबिवली_फास्ट_विंगर | ११:५०
बार्सिलोनावर कर्ज नाही का? सदस्य मालक असले म्हणून हिशेब आपोआप सरळ राहतो असं नाही.

कूपरेजचा_माणूस | दुपारी १२:२५
तुमचा त्रास खरा आहे, तरी लिहितो. यंदा मुंबईत महिंद्रा युनायटेड बंद झाला. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. विक्री नाही, कोर्ट नाही, मुदत नाही. कंपनीने पत्रक काढलं की यापुढे शालेय स्पर्धांवर भर देणार. मी तीस वर्षं कूपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसलोय. या मंचावर एकही धागा निघाला नाही. माझ्याही हातून निघाला नाही, कारण वाचणार कोण. इंग्लंडातल्या न्यायाधीशांची नावं तुम्हाला पाठ आहेत. पुणे एफसीचा कर्णधार कोण, माहीत आहे?

निनाद_चिंचवड | १२:४०
काका, हे इथे कशाला? तो अडचणीत आहे.

कूपरेजचा_माणूस | १२:४८
अडचण कळते म्हणूनच लिहिलं. संघ गेल्यावर शनिवारी दुपारी काय करायचं ते मला सुचत नाही. त्याचा वाचावा असं मलाही वाटतं.

कोपवाला | दुपारी १:१५
काका, कर्णधाराचं नाव मला माहीत नव्हतं. आत्ता शोधलं.

निनाद_चिंचवड | रात्री ९:२०
वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच झालं! फ्लॉइडनी हुकूम दिला. उद्या लंडनच्या दुपारी ४ पर्यंत हिक्स-गिलेटनी टेक्सासचा आदेश मागे घ्यायचा.

कोपवाला | ९:२६
लंडनचे ४ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. माझी वेळ १२ ची. आता?

विदर्भी_वकील | ९:५०
कागदावर तुमची बाजू जिंकल्यात जमा आहे. पण पैसे ३१ जणांचे आहेत, एकट्याने ठरवू नका. प्रत्येकाला फोन करा. ज्याला नको त्याचे परत करा आणि नोंद ठेवा.

कोपवाला | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:४०
रात्री दीडपर्यंत आणि आज सकाळी मिळून सगळ्यांना फोन केले. २६ जण राहू दे म्हणाले. पाच जणांना नको होतं, त्यांचे पैसे माझ्या खिशातून परत केले. ऑर्डर ठेवली. या पाच जणांवर माझा राग नाही. त्यातल्या एकाने सांगितलं की हिक्सला कर्ज द्यायला निघालेल्या वित्तसंस्थांना सहा महिने विरोधाचे ई-मेल लिहीत होतो, नक्की व्हायच्या आधी पैसे दिले तर ते सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटेल. मला त्याचं पटलं, तरीही ठेवली.

कोपवाला | रात्री ९:४५
झालं. डॅलसचा आदेश उठला, विक्री पूर्ण झाली, बँकेचं कर्ज फिटलं. ९ गुण शाबूत. गच्चीवर सगळे जमलोय, ते पाच जणही आलेत. दोघे म्हणाले, जर्सी आहे का अजून? आहे.

डॅलसकर_मीनल | १०:१०
अभिनंदन! आज आमचाही पहिला सामना आहे.

लाल_सैतान | १०:३०
मनापासून अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, पण आज भांडत नाही.

कोपवाला | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:००
काल एव्हर्टनकडून ०-२. एकोणिसावे. नवे मालक स्टँडमध्ये बसले होते. कोर्टात जिंकून मैदानात हरलो. तरी रात्री झोप लागली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

सुमेधा_ठाणे | २० नोव्हेंबर, सकाळी १०:१५
धागा वर काढते, कारण आजच्या पेपरात वाचलं की पुण्याच्या व्यंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना. म्हणजे अंडी-कोंबडीवाले व्यंकीजच ना? हा तुमच्याच लीगमधला संघ का?

कोपवाला | १०:४०
हो सुमेधाताई, तेच. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना २-१ ने हरवलं. आता तिकडचे लोक पुण्याबद्दल विचारत असतील, जसं आम्ही बोस्टनबद्दल विचारत होतो. एवढंच वाटतं की त्यांना त्यांच्या नव्या मालकांनी नीट सांभाळावं. त्यांच्यापैकी कोणी मला विचारलं तर काय सांगू, माहीत नाही.

कूपरेजचा_माणूस | ११:३०
जर्सी आल्या का?

कोपवाला | ११:३६
आल्या काका, दिवाळीला. एकतीसच्या एकतीस गेल्या. तुम्हालाच विचारायचं होतं. आय-लीग डिसेंबरात सुरू होतेय ना? बालेवाडीला पुणे एफसीच्या सामन्याचं तिकीट गेटवर मिळतं की आधी घ्यावं लागतं? आम्ही दहा-बारा जण आहोत.