गोळी तीच, डोस तोच, मग 'ते' कुठे गेलं? (एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासावरच्या औषधांचे अनुभव)

वेंधळी
काल ड्रॉवर आवरत होते (खरं तर दुसरंच काहीतरी शोधत होते) आणि चार वर्षांपूर्वीची वही हाती लागली. मेथिलफेनिडेट सुरू केलं त्या दिवशीचं पान. "९.४०. डोक्यातला रेडिओ कुणीतरी बंद केलाय. बसले, मेल लिहिली, पाठवली, उठले. इतकंच असतं होय हे? बाकीच्यांना रोज असंच असतं?" शेवटच्या दोन ओळींची शाई पसरलीय. रडत होते लिहिताना, आठवतंय.

आज सकाळी तीच गोळी घेतली. साडेनऊला रिपोर्ट द्यायचा होता आणि साडेदहाला मी कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होते.

मध्ये एकदा डॉक्टरांनी डोस वाढवला होता. दीडेक महिना छान गेला, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. अजून वाढवून मागायचा धीर होत नाही, सोडायचा तर त्याहून नाही. कुणाचं असं झालंय का? काय केलंत? मोठं लिहा, तुटक लिहा, कसंही लिहा. 'ध्यान करा' म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

भिरभिरं
बिजागरी 😂😂 मी काल पेपर तपासायचे सोडून घरातल्या सगळ्या पेनांना त्यांची त्यांची टोपणं शोधून दिली. अकरा पेनं. अनुभव नंतर लिहिते, मशीनमध्ये कपडे आहेत.

तिसरी खिडकी
माझंही अगदी हेच. सहाव्या महिन्यात ठाम मत झालं की औषध संपलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तेव्हा आवडलं नाही, आता पटतं. पहिल्या काही आठवड्यांत जो हलकेपणा येतो, जरा उडाल्यासारखं वाटतं, तो टिकणारा भाग नसतोच. तो ओसरतो, काम चालू राहतं. आपण मात्र त्या पहिल्या दिवसालाच औषध समजून बसतो आणि तो परत यावा म्हणून डोसच्या मागे लागतो.

तरी पटलं नव्हतं. मग एका रविवारी गोळी राहिली. बायकोला काही बोललो नव्हतो. अकरा वाजता ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आज घेतली नाहीस ना? एकच वाक्य तिसऱ्यांदा अर्ध्यावर सोडलंस." तिला बाहेरून ऐकू येत होतं, मला आतून काही कळत नव्हतं.

वेंधळी
@तिसरी खिडकी हे वाचून पोटात कसंतरी झालं. माझ्याकडे असं ओरडणारं कुणी नाही, एकटी राहते. मांजर आहे, तिला फरक पडत नाही.

सईची आई
आमच्याकडे लेकीचं. वय १०. सकाळी घेतली की दिवसभर परिणाम टिकणारी गोळी आहे. रोज संध्याकाळी पाचनंतर रडारड, आदळआपट, म्हणून मी धरून चालले की औषध लागूच पडत नाही. शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, दिवसभर उत्तम असते! म्हणजे गोळी उतरताना उसळी येत होती. डॉक्टरांनी वेळ बदलली आणि दुपारी एक छोटा डोस जोडला. आता पाच वाजता घरात माणसं राहतात.

एक मजा सांगते. एकदा ती बाथरूममधून किंचाळली, "आई गोळी तशीच बाहेर आली!!" खरंच अख्खी गोळी. मी रात्रभर जागी, की गेलं वर्षभर पोरीच्या पोटात काही विरघळतच नव्हतं की काय.

अर्धविराम
@सईची आई ते रिकामं टरफल असतं, घाबरू नका. ऑस्मॉटिक पंप म्हणतात त्याला. पोटातलं पाणी आत शिरतं, आतला थर फुगतो आणि लेसरने पाडलेल्या बारीक भोकातून औषध हळूहळू बाहेर ढकललं जातं. साधारण २२ टक्के औषध वरच्या लेपात असतं, ते लगेच मिळतं, बाकीचं दिवसभर. म्हणूनच ही गोळी चावायची किंवा फोडायची नाही.

मूळ प्रश्नाशीही याचा संबंध आहे. औषधाची पातळी दिवसभर सपाट ठेवली तर दुपारनंतर परिणाम घसरतो, म्हणजे एकाच दिवसात शरीर थोडं सरावतं. म्हणून या गोळ्यांचा आलेख मुद्दाम चढता ठेवलाय. लांब पल्ल्याचं चित्र एवढं स्वच्छ नाही. २०१३ च्या एका पेट स्कॅन (मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणारी तपासणी) अभ्यासात १२ महिने मेथिलफेनिडेट घेतलेल्या प्रौढांच्या मेंदूत डोपामिन (लक्षाशी संबंधित रसायन, हे औषध तेच वाढवतं) परत आत ओढणारे ट्रान्सपोर्टर सरासरी २४ टक्के वाढलेले दिसले, म्हणजे औषधाच्या उलट ओढ. पण माणसं फक्त १८. त्यावरून कुणी स्वतःचा डोस ठरवू नये.

अजून एक. वेंधळी, पाकीट बदललंय का बघ. कंपनी बदलली की गोळीची आतली रचना बदलू शकते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कॉन्सर्टाच्या, म्हणजे याच पंपवाल्या गोळीच्या मूळ ब्रँडच्या, दोन जेनेरिक (दुसऱ्या कंपन्यांच्या) आवृत्त्यांचं 'मूळ गोळीइतकीच' हे मानांकन खाली आणलं होतं, कारण दिवसाच्या उत्तरार्धात औषध हवं तसं सुटत नसावं अशी शंका होती. म्हणजे 'हे पूर्वीसारखं नाही' म्हणणारे सगळेच मनाचे खेळ करत नसतात.

सईची आई
टरफल!! चार रात्री झोपले नव्हते हो मी. आधी का नाही सांगितलंत 😭

जागरण
झोप. पाच तास झोपून गोळीला शिव्या घालत होतो. घोरणं तपासलं, स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास अडकत होता. रात्री श्वासाचं मशीन लावल्यावर जुनाच डोस पुरतोय. बाकी वर सगळ्यांनी लिहिलंय.

ऋतुबदल
वय ४४. दर महिन्याला पाळीच्या आधीचा आठवडा गोळी म्हणजे खडूची वडी. गेल्या वर्षापासून तो आठवडा पसरत पसरत पंधरवडा झाला. एका डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "या वयात सगळ्यांनाच विसरायला होतं." फी देऊन बाहेर आले आणि छत्री तिथेच विसरले. त्यांचंच खरं झालं म्हणा.

मग तीन महिने कॅलेंडरवर रोज फक्त एक खूण: बरा दिवस की वाईट. तो कागद दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी पाच मिनिटं नुसता पाहिला. इस्ट्रोजेन खाली गेलं की डोपामिनचं कामही मंदावतं, पाळी थांबायच्या आधीच्या वर्षांत हे बऱ्याच जणींना होतं, असं त्यांनी समजावलं. थायरॉइड आणि लोहही तपासून घेतलं. आता स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकींशी बोलतात. पूर्ण सुटलंय असं नाही, पण मी वेडी नाही एवढं तरी कळलं. तेल घालायचा दिवस महिन्यातला कितवा होता, बघ गं वेंधळी.

भिरभिरं
छत्रीसाठी परत गेलात का?

ऋतुबदल
नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

नाव सुचत नाही
सगळे 'औषध चालूच असतं' म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितो. माझं खरंच थांबलं. झोप ठीक, पाकीट तेच, कामही तेच. उलट डोस वाढवला तर मी यंत्र झालो. विनोद कळायचा पण हसू यायचं नाही, मुलगी म्हणाली बाबा रागावलेत. ते जास्त डोसचं लक्षण होतं आणि मी ते 'कमी पडतंय' असं वाचत होतो. शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्याच औषधावर, अ‍ॅटोमॉक्सेटिनवर आणलं. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, परिणाम पूर्ण दिसायला सहा आठवडे. रेडिओ बंद वगैरे काही झालं नाही. एक दिवस लक्षात आलं की वीजबिल मुदतीच्या आत भरलंय. बस.

वेंधळी
सगळ्यांना एकदमच. पाकीट तेच आहे. झोप... विचारू नका. कॅलेंडर आजपासून. पण अर्धविरामने पाकीट बदललंय का विचारल्यावर वेगळंच डोक्यात आलं. चार वर्षांपूर्वी मी फक्त माझं काम करायचे. आता हाताखाली सहा जण आहेत आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी "एक मिनिट आहे का?" करत येतं. गोळी तेवढीच, ओझं तिप्पट. डॉक्टरांना हे कधी सांगितलंच नाही मी. नुसतं "चालत नाहीये" म्हणत राहिले.

तिसरी खिडकी
ओरडायला कुणी नाही म्हणालीस ना. मी रोज ९ ला व्हिडिओ कॉल लावून आवाज बंद करून काम करतो, समोर एक मित्र त्याचं काम करतो. कुणी बोलत नाही. का चालतं माहीत नाही, पण समोर माणूस असला की मी बिजागरीकडे जात नाही. येतेस का?

वेंधळी
येते. रिपोर्ट अजून तसाच आहे.

भिरभिरं
मी पण! आणि माझा अनुभव राहिलाच. गेल्या महिन्यात मलाही वाटलं औषध संपलं. मग गोळ्यांची वारांची डबी उघडली तर मंगळ, बुध, गुरु तिन्ही कप्पे भरलेले. उद्या ९ ना? सकाळचे?

जागरण
@भिरभिरं ते मशीनमधले कपडे काढलेस का?

भिरभिरं
अरे देवा.