बागेत जमिनीच्या पातळीत ट्रॅम्पोलिन: काळ्या मातीत खड्डा टिकेल का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला आमच्या बंगल्यामागे साधारण 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद मोकळी जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात आंबा, कंपाउंडला लागून शेवग्याची दोन झाडे आणि बाकी सगळी हिरवळ आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे आणि दोघांनाही ट्रॅम्पोलिन हवे आहे. बारा फुटी ट्रॅम्पोलिन जमिनीवर उभे केले तर जवळपास तीन फूट उंच होते, त्याला शिडी आणि भोवती जाळी लागते, आणि त्या उंचीची घरातल्या सगळ्यांनाच धास्ती वाटते. म्हणून खड्डा खणून त्याची चौकट हिरवळीच्या पातळीत बसवावी, असा विचार आहे.

आमच्या गवंड्याने साडेतीन फूट खोल गोल खड्डा, तळाला चार इंच काँक्रीट आणि भोवती आतून प्लॅस्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत, असे काम सुचवले आहे. जमीन काळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत तिला बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून चिकट होते. अशा जमिनीत ही भिंत टिकेल का, पावसाचे पाणी कुठे जाईल, आणि मुलांच्या दृष्टीने हा प्रकार खरोखरच अधिक सुरक्षित आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाया_पक्का

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझी बरीच कामे काळ्या मातीतच झालेली आहेत. भिंतीच्या आधी पाण्याचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. बारा फुटी चटईचे क्षेत्रफळ सुमारे साडेदहा चौरस मीटर भरते, म्हणजे 50 मिलिमीटर पावसाच्या एका झोडीत फक्त वरून पडणारे पाणीच 500 लिटरच्या वर जाते. त्यात उतारावरून वाहून येणारे आणि मातीतून पाझरणारे पाणी मिळवले, तर गवंड्याने सुचवलेले काँक्रीटचा तळ आणि प्लॅस्टरची भिंत असलेले बांधकाम ही सरळसरळ पाण्याची टाकी होईल. तळाला काँक्रीट मुळीच करू नये. तिथे खडी पसरून मधल्या सर्वांत खोल भागातून पाणी बाहेर नेण्याची सोय करावी.

भिंतीबद्दल म्हणाल, तर गोल आकार आपल्या बाजूने आहे, कारण विहिरीच्या कड्याप्रमाणे बाहेरचा दाब वर्तुळात वाटला जातो. परंतु काळी माती सगळीकडून सारखी फुगत नाही, आणि असमान दाबाने गोल भिंतीलाही तडे जातात. त्यासाठी भिंतीमागे किमान एक फूट रुंदीची काळी माती काढून तिथे चांगला मुरूम थराथराने ठोकून भरावा, आणि भिंतीच्या तळाशी पाझरासाठी ठरावीक अंतरावर भोके ठेवावीत. बंगल्याच्या गच्चीचे पाणी खाली आणणारा पाइप त्या दिशेला सोडलेला असेल, तर तो आधी वळवून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करून पाहावी. ठरलेल्या जागी पहारीने दीड फूट खोल छोटा खड्डा घ्यावा, तो एकदा भरून पाणी मुरू द्यावे आणि संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी शिल्लक आहे ते पाहिले, की पुढचा निर्णय सोपा होतो. मागच्या रस्त्याची गटार हिरवळीपेक्षा किती खाली आहे, तेही मोजून कळवावे.

मिल्टन_कीन्सहून

इंग्लंडमध्ये असे जमिनीतले ट्रॅम्पोलिन बऱ्याच घरांच्या बागांत दिसते, आणि आमच्या भागातली जमीनही चिकणमातीची आहे, म्हणून लिहितो. पाण्याबद्दल वर सांगितलेच आहे. तितकीच महत्त्वाची असूनही हमखास दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे हवा. मूल उडी मारून खाली येते तेव्हा चटईखालची हवा कुठेतरी जायला हवी. साधे ट्रॅम्पोलिन तसेच बंद खड्ड्यात ठेवले, तर ती हवा कोंडते, उडी जड होते आणि स्प्रिंगांवरचे गादीचे पट्टे प्रत्येक उडीला वर उचलले जाऊन फटाफट आपटतात. काही महिन्यांत त्यांची शिवण उसवते, आणि स्प्रिंगा उघड्या पडल्या की पायाची बोटे अडकण्याची भीती असते.

म्हणून शक्य असल्यास जमिनीत बसवण्यासाठीच बनवलेले, हवा जाऊ देणाऱ्या सच्छिद्र पट्ट्यांचे आणि गॅल्व्हनाइज्ड चौकटीचे ट्रॅम्पोलिन घ्यावे. चौकट हिरवळीच्या दोन-तीन इंच वर राहील असे पाहावे, आणि खड्ड्यातून बाहेर उघडणारे चार इंची दोन-तीन पाइपही टाकावेत. खड्डा सगळीकडे सारखा खोल लागत नाही. मध्यभागी सुमारे तीन फूट मोकळी जागा हवी, पण काठाशी दीड-दोन फूट पुरतात. त्यामुळे परातीसारखा उतरता आकार दिला, की खोदकाम कमी होते आणि उंच भिंतीची गरज राहत नाही. तुम्ही घ्याल त्या ट्रॅम्पोलिनसाठी उत्पादकाने नेमकी किती खोली दिली आहे, ते पाहूनच शेवटचे माप ठरवावे.

अस्थी_बालरोग

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. जमिनीत बसवल्याने उंचावरून खाली पडण्याचा धोका निश्चितच कमी होतो. मात्र ट्रॅम्पोलिनवरच्या बहुतेक दुखापती पडून होत नाहीत, त्या चटईवरच होतात. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या 2012 सालच्या निवेदनानुसार सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना झालेल्या असतात, आणि त्यांत सर्वांत लहान, हलक्या मुलालाच अधिक मार बसतो. मोठे मूल खाली येताना चटई ताणली जाते, त्याच क्षणी लहान मूल वरून तिच्यावर आदळते आणि गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडाला चीर पडते. सूज फारशी दिसत नाही, मूल केवळ पाय टेकत नाही, त्यामुळे पालकांना फ्रॅक्चरची शंकाही येत नाही.

सहा वर्षांखालील मुलांनी ट्रॅम्पोलिनवर उड्या मारू नयेत, असाच वैद्यकीय सल्ला आहे. आपल्या धाकट्याला अजून थांबवावे, आणि नंतरही एका वेळी एकच मूल हा नियम पाहुण्यांच्या मुलांसाठीसुद्धा कडकपणे पाळावा. कोलांट्या प्रशिक्षकाशिवाय अजिबात नकोत. शिडी नसल्यामुळे लहान मूल धावत सरळ चटईवर जाऊ शकते, म्हणून जमिनीतल्या ट्रॅम्पोलिनजवळ मोठ्या माणसाची नजर अधिकच हवी.

परसबाग

दोन गोष्टींची भर घालते. शेवग्याची फांदी ठिसूळ असते आणि जोराच्या वाऱ्यात कडकन मोडते, त्यामुळे झाडांपासून पुरेसे लांब, वर मोकळे आकाश असलेली जागा निवडावी. दुसरे म्हणजे, चटईखालची थंड, अंधारी जागा बेडकांना आवडते आणि बेडकांमागे साप येतात. पाण्याच्या आणि हवेच्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवावी, आणि चौकट व भिंत यांच्यात फट ठेवू नये. तळाशी पाणी आठवडाभर साचून राहिले तर डासही होतात, तेव्हा पावसाळ्यात एक पट्टा उचलून बॅटरीच्या उजेडात आत पाहत जावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चाचणी केली, सकाळी छोट्या खड्ड्यात अर्ध्याहून अधिक पाणी शिल्लक होते आणि दीड फुटापर्यंत मुरूम लागला नाही. गटार हिरवळीपेक्षा सव्वादोन फूट खाली असून ठरलेल्या जागेपासून सुमारे 50 फुटांवर आहे. म्हणजे तीन-साडेतीन फूट खोल खड्ड्याचे पाणी आपोआप वाहून जाणार नाही. पंप बसवणे हाच मार्ग आहे का? मुलाने सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबायचे, हे घरी सर्वांनी मान्य केले आहे.

पाया_पक्का

पंप बसवता येईल. पण नेमक्या मुसळधार पावसातच वीज जाते, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. माझा सल्ला असा, की ट्रॅम्पोलिन अर्धेच जमिनीत घ्यावे. खड्डा मध्यभागी दीड फूटच खोल ठेवावा, चौकट जमिनीपासून दीड फूट वर येऊ द्यावी, आणि भोवती सहा फूट रुंदीचा मातीचा सौम्य चढ करून त्यावर हिरवळ लावावी. मुले तो चढ चढून थेट चटईवर येतील, आणि खाली तीन फूट मोकळी जागा तर मिळेलच. खोदकाम सव्वादोन ते अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघेल आणि साधारण तेवढीच माती चढाला लागेल, त्यामुळे ट्रॅक्टरने माती बाहेर टाकण्याचा खर्चही वाचेल. विटांच्या कड्यामागे मात्र मुरूमच भरावा, काळी माती त्याच्या बाहेर.

मधल्या खोल भागापासून गटारीपर्यंत चार इंची पीव्हीसी पाइप टाकावा. 50 फुटांत किमान सहा इंच उतार हवा आणि आपल्याकडे नऊ इंच आहे. गटारीच्या टोकाला उलटे पाणी न येऊ देणारी झडप लावावी. हवेचे पाइप चढातून आडवे, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते काढले, की त्यांत पावसाचे पाणी शिरणार नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. पहिल्या पावसाळ्यात चढाची माती थोडी खचेल, तेव्हा चटईभोवतीची पातळी दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा भरून घ्यावी.